ओहोटी रंगवणारा माणूस

काच कापताना डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त भिस्त असते. हिऱ्याची कलम पट्टीच्या कडेनं ओढली की बारीक, एकसारखी चिरचिर ऐकू यायला हवी. ती मध्येच अडखळली तर समजायचं, काच तिथंच दगा देणार. कुवेतमध्ये फ्रेमिंगच्या दुकानात उभं आयुष्य गेलं, आता डाव्या कानानं कमी ऐकू येतं, तरी ती चिरचिर मला बरोबर कळते. बाकी विशेष काही शिल्लक नाही. कंबर बसल्यावर उठत नाही आणि उठल्यावर बसत नाही.

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात बहुतेक करून तेलकंपन्यांतले इंजिनियर लिहितात. यंदा संपादकसाहेब म्हणाले, "अन्वरभाई, तुमच्या धंद्याबद्दल लिहा." मी म्हटलं, "चौकटीबद्दल काय लिहिणार, साहेब? माणसं चित्र बघतात. चौकटीकडं कुणाचं लक्ष गेलं तर समजायचं, आमचं काम बिघडलं." ते हसले आणि म्हणाले, हेच लिहा. म्हणून लिहितोय. मी श्रीवर्धनजवळच्या एका गावचा, शिक्षण मराठी शाळेत बारावीपर्यंत. शुद्धलेखन साहेबांनी तपासलंय.

धंदा थोडक्यात सांगतो. कॅनव्हास लाकडी सांगाड्यावर ताणून ठोकायचा. ढिला ठोकला तर पोट सुटतं, फार ताणला तर रंगाला तडे जातात. इथं उन्हाळ्यात बाहेर भट्टी आणि आत एसीचा गारठा, मग ऑगस्टमध्ये हवेत अशी दमट चिकचिक येते की सुकं लाकूड फुगतं आणि जोड उघडतात. त्यात धुळीचं वादळ. दारं कितीही बंद करा, पिठासारखी धूळ काचेच्या आत जाऊन बसते आणि गिऱ्हाईक म्हणतं, "अन्वर, चित्र धुवून दे."

गिऱ्हाइकंही नाना प्रकारची. एक बाई नवऱ्याचा डोक्याचा रुमाल घेऊन आल्या. नवरा नुकताच वारला होता. रुमाल धुवायचा नाही, घडी मोडायची नाही, जसा खुंटीवर होता तसाच काचेत बसवायचा. मी खोल पेटी करून तो तसाच लटकवला. एका शेखला भिंतीवरचं समुद्राचं चित्र सोफ्याच्या रंगाशी जुळत नव्हतं. त्यानं विचारलं, समुद्र जरा हिरवा करून मिळेल का? मी म्हटलं, फ्रेम हिरवी करतो. त्यावर तो खूश झाला.

पण मला लिहायचंय ते एका फ्रेंच माणसाबद्दल. त्याचं नाव एर्वे. आमच्या दुकानात कुणालाच ते नीट उच्चारता आलं नाही, म्हणून मी त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत मिस्यू म्हणत आलो. फ्रेंचमध्ये 'साहेब' म्हणतात तसं.

उंच, वाकलेला, पांढऱ्या दाढीचा माणूस. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा काखेत एक चित्र होतं. मी बघितलं तर वर राखाडी आभाळ, खाली राखाडी चिखल आणि मध्ये पाण्याची दोरीएवढी रेघ. बाकी काही नाही. रंगात वाळूचे कण चिकटलेले. मी सवयीनं म्हटलं, "मिस्यू, वाळू साफ करून देऊ?"

तो म्हणाला, "नको. ती तिथलीच आहे."

त्याला साधी, अरुंद, रंग न दिलेली लाकडी पट्टी हवी होती. सोनेरी वेलबुट्टीच्या फ्रेमा विकून विकून मी कंटाळलो होतो. त्या दिवशी बऱ्याच काळानं मला काम करावंसं वाटलं.

हळूहळू ओळख झाली. तो महबूलात राहायचा, मीही महबूलातच, दोन रस्ते सोडून. त्याची बायको इथल्या एका शाळेत फ्रेंच शिकवायला आली, तिच्याबरोबर तोही आला आणि त्याच शाळेत चित्रकला शिकवू लागला. पुढं बायको आजारी पडून वारली. तिला त्यानं फ्रान्सला नेऊन माती दिली आणि परत इथं आला. मी एकदा विचारलं, "तिकडं मुलगा आहे, घर आहे, मग इथल्या भट्टीत परत का आलात?"

तो म्हणाला, "तिकडं मी काय रंगवायचं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं."

मग त्यानं आपली हकिगत सांगितली. फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, जिथं जमीन संपून महासागर लागतो, तिथल्या एका मासेमारीच्या गावात तो जन्मला. बाप होड्या दुरुस्त करायचा, आई मासे डब्यात भरायच्या कारखान्यात जायची. हा पोरगा होड्यांच्या नाकावर नावं रंगवायचा. तिथून ब्रश हातात आला तो राहिलाच. पुढं तो त्या किनाऱ्याची चित्रं काढू लागला आणि उन्हाळ्यात येणारे पाहुणे ती विकत घेऊ लागले. त्यांना निळं पाणी आणि पांढरी होडी लागायची. मिस्यू सांगायचा, "एक होडी मी इतक्या वेळा काढली की तिच्या मालकानं ती मोडीत काढून नवी घेतली, तरी मी जुनीच काढत होतो." नाव झालं, घर चाललं, पण निळ्या रंगाची ट्यूब उघडणं त्याला नको व्हायचं. बायकोला कुवेतची नोकरी लागली तेव्हा त्याला सुटका झाल्यासारखं वाटलं. इथं त्याला कुणी ओळखत नव्हतं आणि समुद्र निळा असावा असा कुणाचा आग्रहही नव्हता.

त्यानं ओहोटी धरली. कुवेतच्या उपसागराला उतार फार कमी. पाणी हटलं की मैलभर चिखल उघडा पडतो. शुक्रवारी सुट्टी असायची. दुकानाची व्हॅन मी घरी आणायचो, तेव्हा त्याला सुलैबिखातच्या किनाऱ्यावर सोडायचो आणि पुढंपुढं मीही तिथंच थांबू लागलो. तो घडीचं स्टूल मांडायचा, छत्रीच्या दांड्याला दगड बांधायचा आणि ऊन चढायच्या आत जेवढं होईल तेवढं करायचा. येणारे-जाणारे मागं उभे राहून बघायचे. एकदा एक गस्तीवाला बराच वेळ बघून मला अरबीत म्हणाला, "यात तर काहीच नाही." मी तसंच मिस्यूला सांगितलं. त्यानं मान डोलावली. "बरोबर. पण ते 'काहीच नाही' अनेक प्रकारचं आहे."

मला चित्रातलं कळतं असं मी म्हणणार नाही. पण चिखल कळतो. आमच्याकडं ओहोटीला आई कोयती आणि टोपली घेऊन खडकावर कालवं फोडायला जायची, मी मागं मागं. हे मी मिस्यूला सांगितलं तर तो ब्रश खाली ठेवून म्हणाला, "माझी आईसुद्धा." मग तो चित्र सोडून मला विचारत बसला की तुम्ही कालवं शिजवून खाता की कच्ची. मी म्हटलं, कांदा-खोबऱ्यात. त्यानं असं तोंड केलं जणू मी काही गुन्हा केलाय. त्याच्या गावात ती कच्ची खातात, वर लिंबू पिळून. मलाही ते ऐकून तसंच झालं.

अशी काही वर्षं गेली. शाळेतून तो निवृत्त झाला. चित्रं थोडी विकली जायची. न विकलेली आमच्या दुकानाच्या माळ्यावर ठेवायची, कारण त्याच्या फ्लॅटमध्ये जागा नव्हती. दुकानाचे मालक भले गृहस्थ, त्यांनी कधी हरकत घेतली नाही.

मग एक दिवस हाजी अबू सालेम दुकानात आले. वय झालेले कुवेती गृहस्थ, हातात काठी, मागं ड्रायव्हर. आले होते घरातल्या एका आरशाची फ्रेम करायला. काउंटरवर मिस्यूचं एक चित्र पट्ट्या लावायला उलगडून ठेवलं होतं. हाजींनी चष्मा काढला, चित्राला नाक लावलं आणि मला विचारलं, "हा चिखल कुणी केला?"

मी सांगितलं, एक फ्रेंच माणूस आहे.

"त्याला सांग, मला फिंतास करून दे."

फिंतास म्हणजे आमच्या महबूलाच्या शेजारचंच. आज तिथं उंच इमारती, कॉफीची दुकानं आणि किनाऱ्यानं चालायचा पक्का रस्ता आहे. पण हाजी लहान होते तेव्हा ते विहिरींचं, खजुरांचं आणि कोळ्यांचं गाव होतं. त्यांचं घर पाण्याला लागून होतं. वडील गलबतावर. ते फिंतास त्यांना भिंतीवर हवं होतं. आणि घाई होती. साखरेनं डोळे चालले होते. जाब्रियाच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की उजवा गेल्यात जमा आहे, डावा हळूहळू जाईल. हाजी मला म्हणाले, "दिसतंय तोवर एकदा बघून घ्यायचंय, अन्वर."

मी मिस्यूला निरोप दिला. त्यानं चटकन नाही म्हटलं. "मी समोर असतं ते रंगवतो. नसलेलं काढायला गेलो की हात पुन्हा ती पांढरी होडी काढेल."

हाजी ऐकणारे नव्हते. दर आठवड्याला दुकानात येऊन बसू लागले. ते अरबीत बोलायचे, मिस्यू मोडक्या इंग्रजीत, आणि मध्ये मी. भाषांतर हे माझं काम नव्हे, पण गोंद सुकेपर्यंत तसाही हात मोकळा असतो. हाजी सांगायचे, ओहोटीला गलबत कलतं पडायचं, बायका पत्र्याचे डबे घेऊन विहिरीवर जायच्या, पाण्यात काठ्या रोवून माशांसाठी कुंपण केलेलं असायचं. तसं आमच्याकडं खाडीतही करतात, खुंट रोवून. मला सगळं डोळ्यांसमोर यायचं. मिस्यू चहा पीत नुसता ऐकायचा.

याच दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मिस्यू चहाचा पेला आता दोन्ही हातांनी धरायचा. नव्या चित्रावर सही नव्हती. मी विचारलं तेव्हा त्यानं उजवा हात काउंटरवर ठेवला. बोटं आपोआप थरथरत होती, जशी जपमाळेचे मणी ओढत असावीत.

"केव्हापासून?"

"हिवाळ्यापासून. औषध चालू आहे. थांबणार नाही म्हणतात. मुलगा म्हणतो, परत या." त्यानं हात खिशात घातला. मग म्हणाला, "तुझ्या हाजीला सांग, करतो."

मी कारण विचारलं नाही. त्यानं आपणहून सांगितलं. "समोरचा समुद्र पटापट काढावा लागतो, प्रकाश थांबत नाही. तेवढा वेग आता माझ्यात नाही. त्याच्या डोक्यातला समुद्र तरी जागेवर थांबेल."

पहिलं चित्र झालं. फिंतासच्या किनाऱ्यावर रोज सकाळी जाऊन त्यानं पाणी आणि चिखल समोर बघून काढले. मागच्या इमारती गाळल्या, हाजींनी सांगितलेली गलबतं घातली. मला ते फार आवडलं. हाजी आले, चित्राला नाक लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले आणि म्हणाले, "ला." म्हणजे नाही.

"काय चुकलं?"

"गलबतं छोटी आहेत."

मी भाषांतर केलं. मिस्यू म्हणाला, ठीक आहे. त्याला नवं चित्र करायला बरेच आठवडे लागले. थरथरता हात स्थिर ठेवायला मी उरलेल्या पट्टीतून त्याला एक दांडी करून दिली. टोकाला चिंध्यांचा गोळा, तो चौकटीच्या कडेला टेकवायचा आणि दांडीवर मनगट ठेवायचं. नवीन कल्पना नव्हे, चित्रकार पूर्वापार वापरतात. पण आयुष्यभर त्यानं ती कधी हातात घेतली नव्हती, आणि माझ्याकडून घेताना माझ्याकडं बघितलं नाही.

दुसऱ्या चित्रात गलबतं मोठी होती. हाजी पुन्हा म्हणाले, "ला." या वेळी त्यांचा आवाज चढला. "गलबत मोठं केलं, पण भीती नाही त्याच्यात. ते असं..." आणि त्यांनी काठी उभी धरून डोक्याच्या वर नेली. "असं वरून बघायचं आपल्याकडं."

मिस्यू पहिल्यांदा चिडला. मला म्हणाला, "त्याला सांग, गलबत बघत नसतं. त्याला सांग, मी म्हातारा आहे, माझा हात गेलाय, मी हे तिसऱ्यांदा करणार नाही." मी त्यातलं निम्मंच सांगितलं. हाजींना बाकीचं चेहऱ्यावरून कळलं. ते उठले, ड्रायव्हरचा हात धरला, आणि दाराशी जाताना त्यांचा खांदा चौकटीवर आपटला. त्या बाजूचं त्यांना दिसत नव्हतं. ड्रायव्हरनं त्यांना सरळ केलं. मिस्यूनं ते बघितलं.

ते गेल्यावर दुकानात आम्ही दोघंच. मिस्यू दोन्ही चित्रं शेजारी लावून उभा राहिला. मी त्याला चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. मग त्यानं मला बोलावलं आणि बोटानं दाखवलं. "ही आभाळ आणि पाणी मिळतात ती रेघ. आणि गलबतं कुठं आहेत?"

"रेघेच्या खाली."

"कारण मी कुठं उभा होतो?"

तो किनाऱ्याच्या पक्क्या रस्त्यावर बसायचा, दगडी बांधाच्या वर. तिथून गलबत खालीच दिसणार. मोठं काढलं तरी खालीच. "अन्वर," तो म्हणाला, "हाजीला फोन कर. विचार, तेव्हा तू केवढा होतास?"

मी फोन लावला. हाजी अजून गाडीतच होते, रागावलेले होते. मी विचारलं, "हाजी, ते गलबत बघायचात तेव्हा तुम्ही केवढे होता?" पलीकडं त्यांनी ड्रायव्हरला गाडी कडेला घ्यायला सांगितली. मग ते म्हणाले, "शाळेत जात नव्हतो अजून. आईच्या बुरख्याचं टोक हाताला लागायचं, एवढा. का विचारतोस?"

पुढच्या शुक्रवारी ओहोटीच्या वेळी आम्ही फिंतासला गेलो. मिस्यूनं स्टूल उघडलंच नाही. बांध उतरून, चिखलात बऱ्यापैकी आत जाऊन तो तिथं चक्क खाली बसला. ओल्या वाळूत, पाय पसरून. मी प्लायवूडचा तुकडा मांडीवर ठेवायला दिला. हाजींनाही त्यानं बोलावलं होतं. ते बांधावर खुर्ची टाकून बसले आणि वरून ओरडून सांगत राहिले, "अजून डावीकडं. गलबताचा तळ हिरवा असायचा. शेवाळ." मी मध्ये उभा राहून इकडचं तिकडं करत होतो. बसल्या जागेवरून मिस्यूला चिखल अगदी बारीक पट्टीसारखा दिसत होता आणि पाण्यातला प्रत्येक दगडही आभाळात घुसलेला. त्यानं गलबत काढलं ते रेघ फोडून वर गेलेलं, आभाळाचा मोठा तुकडा खाऊन टाकणारं, एका कुशीवर कललेलं. खाली बसलेल्या माणसाच्या अंगावर येईल असं.

काम संपल्यावर त्याला उठता येईना. पाय आखडले होते आणि कपडे वाळूत रुतले होते. मी एका बाजूनं धरलं, हाजींचा ड्रायव्हर दुसऱ्या बाजूनं. माझी कंबर ही अशी. तिघंही एकदा पडलो. वरून हाजी हसत होते, इतके की काठी हातातून सुटली. मिस्यूही हसला. चिखलानं माखलेल्या त्या माणसाला मी व्हॅनमध्ये वर्तमानपत्र अंथरून बसवलं. परतताना तो वाटभर डोळे मिटून होता.

घरी त्यानं चित्र पुरं केलं तेव्हा उन्हाळा लागला होता. कॅनव्हास मी ताणून दिला होता, पट्टीही मीच केली, साधी, अरुंद, बिनरंगाची. ते घेऊन आम्ही दोघं हाजींच्या घरी गेलो. त्यांची दिवाणिया, म्हणजे पुरुषांच्या बैठकीची खोली, जुन्या पद्धतीची होती, भिंतीला लागून जमिनीवरच गाद्या आणि लोड. मी शिडी, खिळे, पाणसळ, सगळं घेऊन गेलो होतो. हाजींनी चित्र आधी जमिनीवर भिंतीला टेकवायला लावलं. मग लोडाचा आधार घेत ते त्याच्यासमोर खाली बसले. चष्मा काढला. डावा डोळा पुढं केला.

मिस्यू माझ्याकडं बघायला लागला, भाषांतर कर म्हणून. पण भाषांतर करायला काही नव्हतं. हाजींनी हात लांब करून गलबताच्या बुडाला बोट लावलं. रंग पुरता वाळला नव्हता, बोटाला हिरवा लागला. मग ते म्हणाले, "वडील याच्या खाली बसून डांबर लावायचे. मला तिथं जाऊ द्यायचे नाहीत. म्हणायचे, कोसळेल."

मी मिस्यूला सांगितलं. त्यानं विचारलं, "कोसळलं होतं का कधी?"

हाजी म्हणाले, "नाही. कधीच नाही."

मी शिडी लावायला घेतली तेव्हा त्यांनी मला थांबवलं. "वर नको. इथंच." म्हणून मी ते चित्र जमिनीपासून हातभर उंचीवर ठोकलं. एवढ्या वर्षांत इतक्या खाली खिळा मारायची वेळ माझ्यावर आली नव्हती. पाहुणे येऊन काय म्हणतील असं माझ्या मनात आलं. मग कॉफी आली. दोघं म्हातारे खाली बसून कॉफी प्यायले, एकमेकांची भाषा न येता, आणि मला त्यांनी अर्धा तास काही विचारलं नाही.

पावसाळा आमच्याकडं सुरू होतो त्या सुमाराला मिस्यू फ्रान्सला गेला. मुलगा न्यायला आला होता. विमानतळावर निरोप देताना त्याचा हात माझ्या हातात थरथरत होता आणि तो थांबवायचा त्यानं प्रयत्न केला नाही. सामानात दोन बॅगा होत्या. एकही चित्र नव्हतं. "माळ्यावरची असू देत," म्हणाला, "बघू पुढं."

पुढं असं झालं की आमच्या दुकानाची इमारतच पाडायची ठरली. मालक थकले होते. त्यांनी दुसरीकडं दुकान काढायचं नाही असं ठरवलं. मलाही आता घरी जायचंय. इकामा, म्हणजे इथं राहण्याचा परवाना, संपायच्या आत सगळी आवराआवर. मशीन विकलं, पट्ट्या विकल्या, आणि माळ्यावरची चित्रं खाली काढली. भिंतीला लावत गेलो तर दुकानात उभं राहायला जागा उरली नाही. सगळीकडं चिखल, आभाळ आणि पाण्याची ती रेघ. मी मिस्यूला फोन केला. त्याचं बोलणं आता घोगरं आणि तुटक झालंय, औषधांचा परिणाम असावा.

"गॅलरीवाल्याला विचारू का?" मी म्हटलं.

"नको. ज्यांना हवीत त्यांना दे. पण तू निवडून देऊ नकोस. त्यांना निवडू दे."

मग मी ओळखीच्यांना बोलावलं. महबूलाचा लाँड्रीवाला आला, आमच्या इमारतीचा रखवालदार आला, वरच्या मजल्यावरची नर्स ताई जाब्रियाहून ड्यूटी संपवून थेट आली. झुबेदा, माझी बायको, व्हिडिओ कॉलवर होती. मी तिला एकेक दाखवत होतो. ती म्हणाली, "चिखलच तर आहे हो सगळा. तो बघायला तुम्हाला कुवेतला जायची काय गरज होती?" तरी एक तिनं निवडलं. ते आता गुंडाळून माझ्या बॅगेत आहे.

सगळ्यात मोठं चित्र कुणी घेईना, घरात मावणार नाही म्हणून. ते घेतलं बालाजीनं. बालाजी लातूरचा, एसी दुरुस्तीचं काम करतो, दुकान रिकामं करायला मदतीला आला होता. जलीबला एका खोलीत पाचसहा जण राहतात, पलंगावर पलंग. मी म्हटलं, "अरे, ठेवशील कुठं?" तो म्हणाला, "अन्वरभाई, खोलीत मोकळं असं दुसरं काहीच नाही. हे राहू द्या."

मी मिस्यूला फोन करून कुणी कुठलं नेलं ते सांगितलं. त्याला प्रत्येक घराची माहिती हवी होती. कुठल्या भिंतीवर, समोर काय आहे, खिडकी कुठल्या बाजूला. बालाजीचं सांगितल्यावर त्यानं तेच विचारलं, "खिडकी?"

"खिडकी नाही. ट्यूबलाइट आहे."

मला वाटलं वाईट वाटलं असेल. पण तो म्हणाला, "पांढरी की पिवळी?"

"पांढरी."

"मग ट्यूबच्या समोर लावू नका. बाजूच्या भिंतीवर घ्या, उजेड तिरपा पडेल असं. नाहीतर त्यातला गुलाबी मरून जाईल."

मला त्या चित्रात गुलाबी कुठं आहे ते आठवेना. तरी पुढच्या शुक्रवारी हातोडी घेऊन जलीबला गेलो. चित्र दारासमोर ट्यूबखाली लावलेलं होतं, राखाडी, सपाट. खोलीतली सगळी मंडळी झोपेतून उठली, कुणाला राग आला, पण बालाजीनं समजूत घातली. पलंग ओढून मध्ये घेतले, दोघांनी चित्र धरलं आणि मी बाजूच्या भिंतीवर खिळे मारले. पाणसळ लावून सरळ केलं. कंबर धरून मी मागं सरकलो.

वरच्या पलंगावर आडवा पडलेला एक जण कोपरावर उठून बराच वेळ बघत होता. तो म्हणाला, "बाल्या, अरे यात पक्षी आहेत. गुलाबी."